मुलीची पोटदुखी आणि ओव्हरीचा पीळ: सोनोग्राफीत काय, कुठं आणि कसं पाहावं

ओटीपोटात एका बाजूला अचानक कळ, कळेबरोबरच उलटी, मग थोडा वेळ बरं आणि पुन्हा तशीच कळ. मुलगी सात वर्षांची असो की सतराची, चिठ्ठीवर एवढं लिहिलेलं असलं की प्रोबला (पोटावर फिरवायच्या सोनोग्राफीच्या दांड्याला) जेल लावण्याआधीच ओव्हरीचा (अंडाशयाचा) पीळ, म्हणजे टॉर्शन, मनात यायला हवं. हा आजार हातातून सुटतो त्याची दोन कारणं सारखी दिसतात. एक तर लहान मुलीला ओव्हरीचा काही त्रास असेल हा विचारच कुणी केलेला नसतो. दुसरं, डॉपलरवर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या तपासणीत, लाल-निळा रंग दिसला की आपण सुटकेचा श्वास सोडतो आणि रिपोर्ट नॉर्मल म्हणून टाइप होतो.

हा लेख नव्यानं सोनोग्राफी करू लागलेल्या डॉक्टरांसाठी आहे. इंदूरच्या आसपास, देवास, धार, खरगोनकडच्या सेंटरवर संध्याकाळनंतर एकटेच बसणाऱ्यांसाठी जरा जास्तच. आई-वडिलांनी वाचला तरी हरकत नाही. मुलीला काही खायला-प्यायला द्यायचं का, हा भाग तर त्यांनी वाचावाच.

आत काय घडतं

ओव्हरी दोन बंधांनी धरलेली असते. एक तिला गर्भाशयाशी जोडतो, दुसरा पोटाच्या बाजूच्या भिंतीकडे जातो. या दुसऱ्या बंधातून थेट महाधमनीतून निघालेली आर्टरी उतरते आणि गर्भाशयाकडूनही एक फांदी येते, म्हणजे रक्त दोन वाटांनी येतं. बंध स्वतःभोवती फिरले की आधी दबतात त्या व्हेन (शिरा) आणि लसीकावाहिन्या, कारण त्यांच्या भिंती मऊ असतात. रक्त आत येत राहतं, बाहेर मात्र पडत नाही. ओव्हरी सुजते, जड होते, आणि जड झाल्यामुळे आणखी फिरू शकते. आर्टरी बंद पडते ती सगळ्यात शेवटी. सोनोग्राफीवरची जवळपास प्रत्येक खूण या क्रमातून येते; तो डोक्यात पक्का असला तर बाकी पाठांतर फारसं लागत नाही.

मोठ्या बायकांमध्ये पिळामागे बहुधा एखादी गाठ किंवा सिस्ट असते. मुलींमध्येही असते, पाच सेंटिमीटरच्या पुढची सिस्ट (पाण्याची पिशवी) किंवा टेराटोमा (चरबी, कॅल्शियम असलेली गाठ) दिसला की धोका वाढलाच समजा. पण मुलींमध्ये ओव्हरीला धरणारा बंध तुलनेनं लांब असल्यामुळे अगदी निरोगी ओव्हरीही पिळवटते. ‘गाठ नाही, म्हणून टॉर्शन नाही’ हा हिशेब त्यांच्या बाबतीत चालत नाही. वयाचं म्हणाल तर जन्मानंतरचं पहिलं वर्ष आणि पाळी सुरू होण्याच्या आसपासचा काळ, या दोन वेळी प्रमाण जास्त. डाव्या बाजूला मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागानं जागा अडवलेली असते, म्हणून पीळ उजवीकडे जास्त पडतो. आणि उजवीकडे दुखलं की सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव अपेंडिक्सचं.

प्रोबच्या आधीचे प्रश्न

दोन मिनिटं बोलण्यात घालवा, ती फुकट जात नाहीत. दुखणं नेमकं कधी सुरू झालं? टॉर्शनमध्ये पुष्कळदा आईला वेळ सांगता येते: ‘शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि पोट धरूनच बसली.’ अपेंडिक्सचं दुखणं बहुधा बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांनी उजवीकडे खाली सरकतं, आणि उलटी दुखण्यामागून येते. पिळात उलटी आणि कळ जवळजवळ हातात हात घालून येतात. आधी कधी असंच दुखून आपोआप थांबलं होतं का, हे आवर्जून विचारा. अर्धवट फिरून सुटणारी ओव्हरी असा इतिहास देते, आणि घरी ते ‘गॅस झाला होता, ओवा दिला, बरं वाटलं’ एवढ्यावर मिटलेलं असतं.

मुलीला स्वतःला विचारा. ‘बाळा, सगळ्यात जास्त कुठं दुखतं, एका बोटानं दाखव.’ बोट ठेवलेली जागा लक्षात ठेवा, प्रोब शेवटी तिथं आणायचाय. पाळीचा प्रश्न वडील, काका, आजोबा खोलीबाहेर गेल्यावर आईच्या समोर, हळू आवाजात. पाळी येत असेल तर लघवीतून गर्भधारणेची तपासणी झालीय का, ते पाठवणाऱ्या डॉक्टरांना विचारून घ्या. अवघड वाटतं म्हणून हा प्रश्न गाळायचा नसतो.

थोडा ताप आणि पांढऱ्या पेशी थोड्या वाढलेल्या टॉर्शनमध्येही सापडतात. रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन अपेंडिक्सवर शिक्का मारू नका. आणि मुलगी कळवळत असेल तर दुखणं कमी करणारं औषध तपासणीआधी द्यायला सांगा. त्यानं निदान लपत नाही. मुलगी स्थिर पडली की चित्र उलट चांगलं मिळतं.

पाणी पाजायचं की उपाशी ठेवायचं

लहान आणि अविवाहित मुलींमध्ये तपासणी पोटावरूनच होते. पोटावरून ओव्हरी दिसायची तर मूत्राशय भरलेलं हवं. त्यातल्या पाण्याच्या खिडकीतूनच मागचं गर्भाशय आणि ओव्हरी स्पष्ट दिसतात. म्हणून बाहेर बाकावर बसवून बाटलीभर पाणी प्यायला लावण्याची पद्धत पडली. इथंच घोटाळा होतो. पीळ निघाला तर हीच मुलगी थोड्या वेळात ऑपरेशनच्या टेबलावर असेल, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना पोट रिकामं हवं. साध्या पाण्यासाठी साधारण दोन तास, दुधासाठी सहा तास, असा ढोबळ नियम असतो. त्यात उलट्या सुरू असलेल्या मुलीच्या पोटात पाणी टिकत नाही ते वेगळंच.

म्हणून संशय दाट असेल तर तोंडानं काही नको. सलाइन लावा, त्यानं मूत्राशय भरतं. पण ते भरेपर्यंत तासभर वाट पाहत बसू नका. मुलगी आली की आहे त्या स्थितीत एकदा प्रोब ठेवाच. सुजलेली, मोठी ओव्हरी अर्धवट भरलेल्या मूत्राशयातूनही पुष्कळदा दिसते आणि वेळ वाचतो. अगदीच काही दिसत नसेल आणि मुलगी वॉर्डात असेल तर नळी घालून मूत्राशय भरता येतं, तो निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा. याउलट तुडुंब भरलेलं मूत्राशयही त्रासाचं: ओव्हरी बाजूला ढकलली जाते आणि दुखऱ्या पोटावर प्रोब दाबू देत नाही. थोडी लघवी करून यायला सांगा.

आई-वडिलांसाठी एकच सूचना. सोनोग्राफीला निघताना ‘पोरीनं सकाळपासून काही खाल्लं नाही’ म्हणून वाटेत पोहे, दूध किंवा आपल्या इंदूरची ती दाट, सुक्या मेव्याची शिकंजी पाजू नका. सहा तासांचं घड्याळ तिथून पुन्हा सुरू होतं.

प्रोब ठेवल्यावर

बारीक, लहान मुलीला जास्त फ्रिक्वेन्सीचा सरळ म्हणजे लिनिअर प्रोब वापरून बघा. चित्र किती उजळतं ते पाहून नवल वाटेल. मोठ्या किंवा अंगानं भरलेल्या मुलीला नेहमीचा कॉन्व्हेक्स प्रोब. जेल कोमट असू द्या. डिसेंबरच्या रात्री गार जेलनं पोट आखडलं की पुढची पाच मिनिटं गेली. आईला उशाशी उभं करा, पायाशी नको.

सुरुवात मध्यभागी, मूत्राशयामागे. गर्भाशय कुठल्या एका बाजूला ओढलं गेलंय का, ते पाहा. पिळात ते बहुधा पीळ पडलेल्या बाजूकडे झुकतं. मग न दुखणारी बाजू आधी करा. मुलगी घाबरत नाही आणि तिची निरोगी ओव्हरी कशी दिसते ते हाती येतं. पुढचा सगळा निवाडा याच ओव्हरीशी तुलना करून करायचाय. ती सापडत नसेल तर मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या पकडा आणि त्यांच्या आतल्या अंगाला शोधा.

आता दुखरी बाजू. ओव्हरी जागेवर नसेल तर थांबू नका. पिळवटलेली ओव्हरी मध्यभागी सरकते, गर्भाशयाच्या वर किंवा पुढे येऊन बसते, कधी चक्क दुसऱ्या बाजूला जाते. लहान मुलींमध्ये बेंबीपर्यंत वर शोधा. ‘उजवी ओव्हरी दिसली नाही’ आणि ‘उजवी ओव्हरी ठीक आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. रिपोर्टमध्ये पहिल्याच्या जागी दुसरं लिहिलं जाताना मी पाहिलंय, आणि हा निष्काळजीपणा माफ करण्याजोगा नाही.

मोजा, दोन्ही मोजा

या सगळ्या तपासणीतली सर्वांत भरवशाची खूण आकार आहे. त्याला भारी मशीन लागत नाही, कलर लागत नाही, दोन कॅलिपर आणि थोडा धीर पुरतो. उभ्या छेदात लांबी आणि जाडी, आडव्या छेदात रुंदी. तिन्हींचा गुणाकार गुणिले ०.५२३, म्हणजे मिलिलिटरमध्ये आकारमान. बहुतेक मशीन ते स्वतः काढतं, पण कॅलिपर आतड्याच्या वेटोळ्यावर टेकवला तर मशीन तेही निमूटपणे मोजतं. थोडा वेळ प्रोब स्थिर धरा. आत हालचाल दिसली तर ते आतडं.

उदाहरण घ्या. तेरा वर्षांची मुलगी, पाळी सुरू झालेली. डावी ओव्हरी २.८ × १.८ × १.९ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ५ मिलि. उजवी ६.२ × ४.५ × ४.० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ५८ मिलि. अकरा-बारा पट. एका बाजूची ओव्हरी अशी फुगलेली आणि दुखणंही तिथंच, तर डॉपलरचं बटण दाबायच्या आधीच सर्जनला फोन करायला पुरेसं कारण मिळालं.

पाळी सुरू झालेल्या मुलींमध्ये २० मिलि हा आकडा उपयोगी पडतो: त्यापेक्षा लहान आणि दिसायला साधी ओव्हरी असेल तर पिळाची शक्यता बरीच कमी होते. पण हा आकडा घेऊन सात वर्षांच्या मुलीकडे जाऊ नका. त्या वयात ओव्हरी जेमतेम एक-दोन मिलि असते. एका बाजूला ०.९ आणि दुसऱ्या बाजूला ९ मिलि असेल तर ‘२० च्या आत आहे’ म्हणून सोडून देणार का? तिथं दोन बाजूंमधला फरकच बोलतो.

मग आतला पोत बघा. सूज आलेली ओव्हरी आतून पांढुरकी आणि भुरकट होते, आणि आठ ते बारा मिलिमीटरचे छोटे फॉलिकल (अंडी वाढतात त्या बारीक पिशव्या) कडेला ढकलले जाऊन ओळीनं बसतात. प्रत्येक फॉलिकलभोवती पांढरी कड उठून दिसली तर तीही नोंदवा. कडेला फॉलिकल म्हटलं की पीसीओएस (पाळी अनियमित करणारा ओव्हरीचा आजार) आठवतं. पण ते दोन्ही बाजूंना असतं आणि त्यात मुलगी कळवळत येत नाही. ओव्हरीभोवती किंवा गर्भाशयामागे थोडं पाणी दिसणं ही साथ देणारी खूण आहे, एकट्यानं तिला वजन नाही; पाळी येणाऱ्या मुलीत थोडं पाणी एरवीही सापडतं.

डॉपलर: रंगावर किती विश्वास ठेवायचा

आधी मशीन नीट लावा. निरोगी बाजूच्या ओव्हरीवर कलर ठेवा. स्केल, म्हणजे पीआरएफ, खाली आणा. वॉल फिल्टर कमीत कमी. गेन वाढवत न्या आणि ठिपके उडायला लागले की एक पाऊल मागे. निरोगी ओव्हरीत रंग दिसू लागला की ती सेटिंग तशीच ठेवून दुखऱ्या बाजूला जा. पोटाच्या नेहमीच्या सेटिंगवर ओव्हरीतला मंद प्रवाह दिसतच नाही, आणि मग दोन्ही ओव्हरी ‘बिनरक्ताच्या’ निघतात. रंग दिसल्यावर त्यावर पल्स डॉपलर ठेवून आर्टरीची लाट आणि व्हेनची सपाट रेघ वेगवेगळी तपासा. व्हेनची रेघ गायब आणि आर्टरी चालू, ही पिळाची सुरुवातीची अवस्था असू शकते.

सेटिंग बरोबर असून, निरोगी बाजूला प्रवाह दिसत असून, सुजलेल्या ओव्हरीत काहीच नाही, तर निदान जवळजवळ पक्कं. उलट बाजूनं मात्र हे खरं नाही. रक्त दोन वाटांनी येतं, पीळ सैल असू शकतो, अर्धवट सुटलेला असू शकतो. प्रवाह दिसतोय, तरी ऑपरेशनमध्ये ओव्हरी फिरलेली निघाली, हे पुरेशा वेळा घडतं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, एकॉगनं, २०१९ मध्ये किशोरवयीन मुलींच्या टॉर्शनवर जे मत क्रमांक ७८३ प्रसिद्ध केलं त्यातही हेच आहे: डॉपलर नॉर्मल असला म्हणून टॉर्शन नाही असं म्हणता येत नाही. तेव्हा मोठी, सुजलेली, एका बाजूची ओव्हरी आणि तिच्यात झकास रंग अशी जोडी समोर आली तर आकाराचं ऐका.

पीळ स्वतः शोधणं

ओव्हरी आणि गर्भाशय यांच्यामधल्या जागेत प्रोब आडवा धरून हळू पुढे-मागे सरकवा. फिरलेले बंध आडव्या छेदात चकलीसारखे दिसतात, एकात एक वेढे; प्रोब सरकवला की वेढे फिरल्याचा भास होतो आणि कलर लावला की रक्तवाहिन्या गोल वळताना दिसतात. याला व्हर्लपूल साइन म्हणतात. दिसली तर प्रश्न मिटला, आणि तिचा व्हिडिओ क्लिप साठवून ठेवा, स्थिर फोटोत ती पुष्कळदा कळत नाही. पोटावरून, लहान मुलीत, ती प्रत्येक वेळी सापडत नाही. पाचेक मिनिटं शोधा, मग पुढे चला.

फसवणारी चित्रं

रक्त भरलेली सिस्ट: आत जाळीदार रेघा, आत प्रवाह नाही, पण कडेनं रंगाचं वळं आणि शेजारी ओव्हरीचा साधा भाग शिल्लक. ती दुखते आणि चकवते. तिलाच धरून पीळही पडू शकतो, म्हणून शेजारचा ओव्हरीचा भाग सुजलाय का ते बघितल्याशिवाय निर्णय देऊ नका. टेराटोमामधली चरबी आणि कॅल्शियम मागं सावली टाकतात. वरवर पाहिलं तर आतड्यातला गॅसच वाटतो. ओव्हरी साधी आणि शेजारी फुगलेली, दुमडलेली नळी असेल तर फक्त फॅलोपियन नळीला पीळ पडलेला असू शकतो. हे कमी वेळा घडतं, पण डोक्यात ठेवा.

पाळी अजून आलीच नाही, दर महिन्याला पोट दुखतं, आणि मूत्राशयामागे मोठी भरलेली पिशवी दिसते: योनिमार्ग बंद असल्यामुळे साठलेलं पाळीचं रक्त असू शकतं. तान्ह्या मुलीच्या पोटात सिस्ट आणि तिच्या तळाशी गाळ बसून वर पाण्याची सरळ रेषा दिसली तर जन्माआधीच पीळ पडून गेलेला असू शकतो.

अपेंडिक्स, दोन्ही मूत्रपिंडं आणि लहान मुलींत आतड्यात आतडं शिरलंय का, हे शेवटी बघाच. ओव्हरी ठीक निघाली तर उत्तर तिथंच असतं.

सीटी स्कॅनचा मोह अशा वेळी होतो. ओव्हरीसाठी तो मुद्दाम करू नये. मुलीला किरणोत्सर्ग मिळतो आणि वेळ जातो. एमआरआय चांगला, पण रात्री दोन वाजता लहान मुलीला त्यात अर्धा तास स्थिर ठेवणं ज्याला जमेल त्यानं करावं.

रिपोर्ट आणि फोन

‘टॉर्शन रूल्ड आउट’ हे शब्द रिपोर्टमध्ये लिहू नका. दोन्ही ओव्हरींची तिन्ही मापं, आकारमान, किती पट फरक, ओव्हरी कुठे बसलीय, फॉलिकल, पाणी, आर्टरी आणि व्हेन वेगवेगळे, पीळ दिसला की नाही, एवढं लिहा. निष्कर्षात ‘टॉर्शनची दाट शक्यता, तातडीनं सर्जनचं मत घ्यावं’ असं स्पष्ट वाक्य हवं. आणि रिपोर्ट टाइप होण्याआधी फोन. पाकीट नातेवाइकाच्या हातात देऊन ‘सकाळी डॉक्टरांना दाखवा’ असं सांगणं म्हणजे ती रात्र वाया घालवणं. किती तासांत ओव्हरी वाचते याचा पक्का आकडा नाही. उशिरा नेलेल्याही वाचल्यात, म्हणून ‘आता उशीर झाला’ म्हणून कुणी हातपाय गाळू नयेत.

गर्भलिंग तपासणी रोखणाऱ्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे नोंदणी झालेलं मशीन उचलून दुसऱ्या नर्सिंग होममध्ये नेता येत नाही, तेव्हा मुलीलाच मशीनपाशी आणावं लागतं. तुमच्या गावात रात्री मशीन चालवणारं कुणी नसेल आणि लक्षणं पिळाची असतील तर सकाळच्या सोनोग्राफीसाठी थांबवू नका. लहान मुलांची सर्जरी आणि भूल देण्याची सोय जिथं आहे तिथं, इंदुरात एमवाय या सरकारी रुग्णालयात किंवा तशी सोय असलेल्या दुसऱ्या रुग्णालयात, आधी फोन करून पाठवा. बडवानीकडून निघालेल्या गाडीला इथं पोचायला काही तास लागतात. तेवढ्यात इथली तयारी होते.

आई-वडील विचारतात, ‘काढून टाकावी लागेल का हो?’ आता धोरण ओव्हरी वाचवण्याचं आहे. दुर्बिणीतून पीळ सोडवतात आणि काळीनिळी दिसणारी ओव्हरीही बहुधा तशीच ठेवतात, कारण रंगावरून ती मेलीय की नाही हे कळत नाही, आणि अशा बऱ्याच ओव्हरी पुढे पुन्हा फॉलिकल बनवताना दिसतात. एवढं सांगितलं तरी सहीसाठी थरथरणारा हात जरा शांत होतो.

पीळ सोडवल्यानंतरची सोनोग्राफी

ऑपरेशननंतर चार-आठ दिवसांत सोनोग्राफी केली तर ओव्हरी अजून मोठीच दिसेल. सूज उतरायला वेळ लागतो आणि त्या चित्रावरून घाबरायचं कारण नाही. साधारण सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा बघा: आकार किती उतरला, फॉलिकल दिसतात का, आणि आधी सुजेत झाकलेली एखादी सिस्ट किंवा टेराटोमा आता उघडी पडलीय का. मुलींमध्ये पीळ पुन्हा पडू शकतो, त्याच बाजूला किंवा दुसऱ्या. म्हणून पहिल्या वेळची फिल्म किंवा सीडी, ऑपरेशनचा कागद आणि नंतरचा रिपोर्ट एकाच पिशवीत ठेवायला सांगा. पुढे कधी तशीच कळ आली आणि उलटी झाली तर ती पिशवी घेऊन थेट रुग्णालय गाठायचं, आणि निघण्याआधी काही खायला द्यायचं नाही.